स्त्रीसंस्था आणि निवडणुकीचा उमेदवार

निवडणुकीचे दिवस जवळ आले, म्हणजे गांवोगांवच्या महिलामंडळांपुढें एक जुनाच प्रश्न नव्यानें येऊन उभा राहतो. संक्रांतीचें हळदीकुंकू असतें. कोणा उमेदवाराच्या घरच्या मंडळींकडून वाणाच्या वस्तूंचें गांठोडें येतें. चार गोड शब्द बोलले जातात. आणि शेवटीं, ‘भगिनींनीं आमच्याकडे लक्ष असूं द्यावें,’ अशी विनंति होते. अध्यक्षीणबाई हंसून वेळ मारून नेतात. ‘आमचें मंडळ राजकारणांत पडत नाहीं,’ हें उत्तर आपल्या घरांतील स्त्रियांना पाठ झालेलें आहे, आणि तें सभ्य आहे यांत शंका नाहीं. परंतु उमेदवाराचें वाण घेणें हें राजकारण नव्हे, आणि त्याच उमेदवाराला चार प्रश्न विचारणें हें मात्र राजकारण, हा हिशेब आम्हांस अद्याप उमगलेला नाहीं.

स्त्रियांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेनें ‘अमुक उमेदवारास आमचा पाठिंबा आहे,’ असें उघडपणें जाहीर करावें काय, आणि केल्यास कोणत्या कारणासाठीं, याचा विचार मुख्यतः सातारा-सांगलीकडील अनुभवाच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत प्रथमच सांगून टाकितों. पाठिंबा द्यावा, क्वचित् द्यावा, आणि उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणासाठीं कधींहि देऊं नये.

कृष्णाकांठच्या ह्या मुलुखाचा दाखला घेण्यास कारण आहे. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रें गांवीं कुर्लेकरांच्या घरीं झाला. देवराष्ट्रें तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा निघाला, १९६० मध्यें त्याचें नांव सांगली झालें, आणि रमाबाईंचें माहेर सांगलीच्या वांट्यास आलें. न्यायमूर्तींच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ म्हणून रमाबाई आपल्या घरांत परिचित आहेत. परंतु मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून १९२१ सालीं जी चळवळ झाली तिच्याहि अग्रभागीं त्या होत्या, ही गोष्ट सेवासदनाच्या शिवणकामाइतकी सांगितली जात नाहीं. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें हा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला होता. त्यामुळें स्त्रीसंस्थांना कौन्सिलच्या सभासदांकडे जाऊन, कोण अनुकूल व कोण प्रतिकूल, हें पाहावेंच लागलें. म्हणजे आज ज्याला ‘राजकारणांत पडणें’ म्हणतात तें सेवासदनाच्या पिढीनें केव्हांच केलेलें आहे.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. १९२१ चा तो मताधिकार मालमत्तेच्या अटीनें बांधलेला होता. शेतांत राबणाऱ्या बाईला त्यांत स्थान नव्हतें. पुढें १९३५ च्या कायद्यानें मतदार स्त्रिया वाढल्या खऱ्या, पण कित्येकींना मत मिळालें तें पतीच्या मालमत्तेच्या आधारानें. स्त्रीसंस्थांना ही अट रुचली नव्हती. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचें नागरिकत्व लटकवावयाचें, ही कल्पना किती खोल रुजली होती तें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करितांना दिसून आलें. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद करून स्वतःचें नांव न सांगितलेल्या सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं. तीं बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतलीं होतीं. तथापि महाराष्ट्रानें त्याबद्दल फार ताठ्यानें बोलूं नये.

संस्थेनें उमेदवाराच्या पाठीशीं उभें राहण्याचा पहिला मोठा दाखला १९२६ चा आहे. स्त्रियांना कौन्सिलच्या निवडणुकीस उभें राहण्याची मोकळीक नुकतीच मिळाली होती. मद्रासच्या अड्यार येथें १९१७ मध्यें स्थापन झालेल्या ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ ह्या संस्थेच्या मार्गारेट कझिन्सबाईंनीं कमलादेवी चट्टोपाध्याय यांना मंगळूरकडून उभें राहण्यास प्रवृत्त केलें. तयारीस वेळ थोडा होता. कमलादेवी थोडक्या मतांनीं पडल्या. पण त्याच सुमारास डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची मद्रास कौन्सिलवर नेमणूक झाली, त्या कौन्सिलच्या उपाध्यक्ष झाल्या, आणि देवदासी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनीं तेथें कायद्याचा प्रश्न उपस्थित केला. मिरज-सांगलीकडील वाचकांस ह्या प्रश्नाचें मोल निराळें सांगावयास नको. आपल्या मुंबई इलाख्यांत तसा कायदा १९३४ मध्यें झाला.

मुंबईस अवंतिकाबाई गोखले यांनीं १९१८ मध्यें ‘हिंद महिला समाज’ काढला, व १९२३ सालीं त्या महापालिकेंत गेल्या. समाजाची अध्यक्षीण आणि नगरसेविका एकच बाई! तेव्हां कोणी ‘समाज फुटेल’ म्हटलें असेल तर नवल नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. मंडळांत सर्व पक्षांच्या घरांतल्या स्त्रिया असतात. एकीचा दीर एका पक्षांत, दुसरीचा भाऊ दुसऱ्यांत. पाठिंबा जाहीर झाला कीं घराघरांत कुरबूर सुरू होते. शिवाय मंडळाला सभागृह हवें असतें, पाळणाघराला अनुदान हवें असतें. विरुद्ध पक्ष निवडून आला तर तो राग धरील. हा आक्षेप खोटा नाहीं, आणि आम्ही तो हलका लेखीत नाहीं. पण प्रत्येक पक्षाशीं गोड राहिल्यानें स्त्रियांचे प्रश्न सुटतात कीं केवळ पुढें ढकलले जातात, हें एकदां पाहिलें पाहिजे.

ह्यासाठीं वाळवें तालुक्यांतील कासेगांवीं जाऊं. इंदुताई पाटणकर ह्या मूळच्या कऱ्हाडजवळच्या इंदोलीच्या. जन्म १९२५ चा. १९४२ च्या चळवळींत व पुढें प्रतिसरकारच्या लढ्यांत त्यांनीं काम केलें. १९४६ मध्यें त्याच लढ्यांतील बाबूजी पाटणकरांशीं त्यांचा विवाह झाला. १९५२ सालीं बाबूजींचा खून झाला. पदरीं लहान मूल असतां ह्या बाईंनीं शिक्षिकेची नोकरी करून संसार रेटला, आणि उतारवयांत ‘स्त्री मुक्ति संघर्ष चळवळी’च्या द्वारें नवऱ्यांनीं टाकलेल्या बायकांचा प्रश्न हातीं घेतला. २०१७ मध्यें त्या वारल्या. परित्यक्तेची अडचण वाटते तितकी भावनेची नाहीं. ती अगदीं कागदाची आहे. शिधापत्रिका नवऱ्याच्या नांवाची, घर सासऱ्याच्या नांवाचें, जमीन दिराच्या ताब्यांत. पोटगीसाठीं कोर्टाच्या खेपा घालावयाच्या तर गाडीभाड्याचे पैसे कोणाजवळ मागावयाचे? भावाच्या दारीं राबून खाणाऱ्या ह्या बाईला स्वतःच्या नांवाचें रेशनकार्ड हवें होतें, डोक्यावर छप्पर हवें होतें. संगमनेरास १९८८ सालीं परित्यक्तांची परिषद भरली तेव्हांहि गाऱ्हाणें हेंच होतें.

ह्या मागण्या कोणत्या पक्षाच्या विरुद्ध होत्या? कोणत्याच नाहीं. आणि म्हणूनच कोणत्याच पक्षाला त्यांची निकड वाटत नव्हती. टाकलेली बाई एकटी असते. तिच्या मागें मतांचा गठ्ठा नसतो. ज्यानें तिला टाकलें त्याच्या मागें मात्र भावकी असते. गांवचा पुढारी कोणाचें मन राखील हें सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून, ज्या बाईनें अशा कामांत दहा वर्षें घालविलीं ती जर उमेदवार म्हणून उभी राहिली, तर संस्थेनें तिच्यापासून सोंवळें पाळणें म्हणजे आपल्याच कामाशीं सोंवळें पाळणें होय.

ही गोष्ट शेतकरी स्त्रियांना आपल्या आधीं कळली, असें आम्हांस वाटतें. नोव्हेंबर १९८६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेचें स्त्रियांचें प्रचंड अधिवेशन भरलें, आणि स्थानिक निवडणुकींत स्त्रियांनींच उतरावें हा विचार तेथें पुढें आला. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ नंतर एकदम १९९२ मध्यें झाल्या, म्हणून तेथला बेत लांबला. पण १९८९ मध्यें जळगांव जिल्ह्यांतील विटनेरसारख्या गांवीं ग्रामपंचायतीवर सर्व स्त्रियाच निवडून आल्या. १९९० सालीं महाराष्ट्रानें स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठीं ३० टक्के जागा राखल्या. १९९३ पासून घटनेनेंच एकतृतीयांश जागा दिल्या. २०११ मध्यें राज्यानें त्या निम्म्यावर नेल्या.

मग झालें तें सर्वांस ठाऊक आहे. खुर्चीवर बाई आणि शेजारच्या खुर्चीवर तिचे यजमान. सह्या तिच्या, निर्णय त्यांचा. तरी आम्ही राखीव जागांना नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. पहिल्या खेपेस यजमानांकडे पाहून सही करणारी बाई दुसऱ्या खेपेस कागद वाचून सही करिते, हेंहि घडतें. पण उमेदवार स्त्री असणें आणि स्त्रियांची उमेदवार असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ह्यावरून स्पष्ट होतें. राखीव जागा पहिली गोष्ट साधून देते. दुसरी गोष्ट कायद्यानें साधत नाहीं. तेथें उमेदवार पारखून घेणारी संस्था लागते. विधानसभेंत तर राखीव जागांचाहि आधार नव्हता. २०१९ सालीं २८८ पैकीं २४ स्त्रिया निवडून आल्या, आणि २०२४ मध्यें हा आंकडा वाढला नाहीं.

योग्य बाई सभागृहांत असली म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण मृणाल गोरे यांचें. पाण्यासाठीं व महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे काढूनच त्या पुढें आल्या होत्या. १९८५ मध्यें त्या विधानसभेवर निवडून आल्या. गर्भांतील मुलगी ओळखून ती पाडण्याच्या नव्या धंद्याविरुद्ध मुंबईंतील स्त्रीसंघटना आणि कांहीं डॉक्टर तेव्हां आवाज उठवीत होते. गोरेबाईंनीं १९८६ मध्यें ह्याविषयीं विधेयक आणलें. १९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांतील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा त्यामागून, १९९४ चा. बाहेर संघटना आणि आंत त्यांचेंच बोलणें बोलणारी बाई, असा हा योग होता. बाहेरचा आवाज कितीहि मोठा असला तरी विधेयक मांडावयास आंतलाच माणूस लागतो.

आणि तो कायदा उपयोगांत आला कोठें? साताऱ्यास! तेथील दलित महिला विकास मंडळाच्या वर्षा देशपांडे यांनीं ‘लेक लाडकी अभियाना’मार्फत गरोदर स्त्रियांच्या साहाय्यानें सापळे लावून हें निदान करणाऱ्या डॉक्टरांना कोर्टासमोर उभें केलें. ह्या कामाबद्दल २०२५ सालीं त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या-पुरस्कार मिळाला. ह्या मुलुखाला अशा कामाची गरज होती. २००१ च्या शिरगणतींत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली साताऱ्यांत ८७८ व सांगलींत ८५१ होत्या. २०११ मध्यें त्या ८९५ व ८६७ झाल्या. आणि मार्च २०१७ मध्यें मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें बेकायदा गर्भपातांत एका विवाहितेचा मृत्यु झाला, तेव्हां जमिनींत पुरलेले १९ भ्रूण सांपडले. ह्या आंकड्यांत सुशिक्षितांचीं घरें नाहींत, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. सोनोग्राफीची फी देण्याची ऐपत कोणाची होती, एवढेंच विचारावें.

पुरुषांविषयीं एक शब्द. हिंदु विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेंत हक्क देणारा १९३७ चा कायदा डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानें झाला. तो अपुरा होता, पण विधवांना त्यानें पायाखालीं थोडी जमीन दिली. मुलींना वडिलार्जित मिळकतींत मुलग्याइतका वांटा महाराष्ट्रानें १९९४ मध्यें दिला, तोहि पुरुषांनीं भरलेल्या विधानसभेनेंच. म्हणून देशमुखांसारखा उमेदवार एका बाजूस आणि कोणा पुढाऱ्याची मूक सून दुसऱ्या बाजूस असेल, तर स्त्रीसंस्थेनें कोणाकडे जावें ह्याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.

राहतां राहिली रीत. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेनें आपला पैसा किंवा सभागृह प्रचाराला देऊं नये. पाठिंबा नांवाचा असावा, निधीचा नव्हे. तो त्या एका निवडणुकीपुरता असावा. देण्यापूर्वीं सर्व उमेदवारांस एकाच मजकुराचें पत्र लिहावें: टाकलेल्या स्त्रीच्या शिधापत्रिकेविषयीं, सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीविषयीं, बाजाराच्या गांवीं स्त्रियांच्या शौचकूपांविषयीं आपण आजवर काय केलें? ‘काय कराल’ असें विचारूं नये. त्याचें उत्तर सर्वांजवळ तयार असतें. जीं उत्तरें येतील तीं सभेंत मोठ्यानें वाचावीं, न आलेल्यांचींहि नांवें घ्यावीं, आणि मग मत घ्यावें. ठराव बहुमतानें झाला तर विरुद्ध मत देणाऱ्या भगिनींचीं नांवें त्यांच्या कारणांसह इतिवृत्तांत लिहावीं. वर्षभरानें, उमेदवार निवडून आली असो वा पडलेली असो, तिला त्याच सभेस बोलवावें आणि तें इतिवृत्त प्रथम वाचून दाखवावें. वाण त्यानंतर वांटलें तरी चालेल.