जुन्या घराचे लाकूड कोणते? विकण्यापूर्वी असे ओळखावे

अमरावती, अकोला भागात मातीची जुनी घरे पाडून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. त्यातून खांब, मयाली, फाटे व चौकटी निघतात. धुराने काळे पडलेले हे लाकूड पाहून घेणारा ‘जंगली’ म्हणतो आणि सरपणाचा भाव सांगतो. मेळघाट जवळ असल्याने जुन्या घरांत साग बराच वापरला गेला. सोबत ऐन, बिजा, हळदू, बाभूळ, कडुनिंबही असतात. म्हणून सौदा करण्यापूर्वी लाकूड तपासावे.

नमुना कसा घ्यावा?

वरचा रंग फसवा असतो. धूर, तेल व रंगामुळे सगळीच लाकडे सारखी दिसतात. खिळे काढून मयालीच्या टोकाचा पातळ काप करवतीने काढावा. आडव्या कापावर धारदार पात्याने गुळगुळीत छेद घेऊन तो ओला करावा. कपाशीवरील तुडतुडे, फुलकिडे पाहण्याचे १० पट भिंग येथेही चालते.

काय पाहावे?

• साग: सोनेरी तपकिरी रंग, हाताला तेलकटपणा, ताज्या छेदाला जुन्या चामड्यासारखा वास. वर्षवलये स्पष्ट, प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते.
• बाभूळ: गुलाबी ते लालसर तपकिरी, जड व कठीण. छिद्रे विखुरलेली, त्यांच्याभोवती फिकट कडे.
• ऐन: तपकिरी, त्यात गडद पट्टे, फार जड.
• हळदू: पिवळसर, एकसारखा बारीक पोत, छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.
• बिजा: भुसा काचेच्या ग्लासातील पाण्यात काही तास ठेवावा. पाणी पिवळसर होऊन उन्हात निळसर झाक दिसते.

वजनाची चाचणी

पूर्ण वाळलेला ५ × ५ × ४ सें.मी. तुकडा (१०० घन सें.मी.) किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजावा. साग साधारण ६० ते ७० ग्रॅम, बाभूळ ७५ ते ८५ ग्रॅम, ऐन ८० ग्रॅमच्या वर भरतो. केवळ वजनावरून निर्णय घेऊ नये. छेद, वास व वजन तिन्ही जुळले पाहिजेत.

पुन्हा वापरताना

सागाचाही बाहेरचा पांढरा भाग किडतो. टिकतो तो आतला गाभा. टोकदार सळईने टोचून पाहावे. सळई सहज आत गेली किंवा भुकटी पडली, तर ती मयाल गोठ्याच्या छपराला भार घेण्यासाठी वापरू नये. वखर, डवरा व बंडीच्या कामाला बाभूळ उपयोगी, दार-चौकटीला साग. रंग किंवा डांबर लावलेले लाकूड चुलीत जाळू नये. धूर विषारी असतो.

विक्री व वाहतूक

घर पाडण्यापूर्वीचे फोटो व ग्रामपंचायतीचा दाखला जपून ठेवावा. लाकूड गाडीत भरण्याआधी वाहतूक परवान्याबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. माल मोठा असेल व खात्री होत नसेल, तर देहरादूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था नमुन्यावरून जात ओळखून देते. तोपर्यंत ढीग पावसात उघडा ठेवू नये. विटांवर रचून, मध्ये हवा खेळती ठेवून झाकावा.