कलमाचा मिटता चाकू : पोलाद व खटका पाहून निवड

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस फणसाडचे रान यांच्यामध्ये काशीद हे गाव वसले आहे. दिनांक ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या किनारपट्टीवरील आंबा, सुपारी व नारळ यांच्या बागांची फार मोठी हानी केली. मोडलेली आमराई पुन्हा उभी करावयाची तर चांगली कलमे हवीत, आणि चांगल्या कलमासाठी चांगला चाकू हवा. खत, रोप व औषध यांविषयी शेतकरी बंधू आवर्जून सल्ला विचारतात. चाकू मात्र बाजारात जो समोर येईल तो घेतला जातो. ही निवड कशी करावी, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा हेतू आहे.

याची निकड आम्हांस एका प्रसंगाने पटली. काशीद परिसरात कोय कलमाचे प्रात्यक्षिक चालू असता एका अनुभवी बागायतदाराने रोपाच्या खोडात चीर घेतली. पाते ओल्या खोडात रुतले. ते सोडविण्यासाठी त्यांनी मूठ वर उचलताच चाकू मिटला व तर्जनीला खोल जखम झाली. हाताला पट्टी बांधून घेताना ते म्हणाले, “साहेब, रात्री बसून धार लावली होती. धार नसती तर बोट वाचलं असतं!” त्यांच्या चाकूचे पाते उत्तम होते, उणीव होती ती खटक्याची. ऐन कलमांच्या हंगामात त्यांचा हात पंधरा दिवस कामाबाहेर राहिला.

काम कोणते ते आधी पाहावे

झावळ्या तोडणे, कुंपणाची काटेरी छाटणी करणे ही कामे कमरेच्या आकडीत अडकविलेल्या कोयत्याची होत. खिशातील चाकूचे काम नाजूक असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. त्या विद्यापीठाने कोकणात रूढ केलेल्या कोय कलमात सुमारे दोन आठवड्यांच्या रोपाचा शेंडा छाटून खोडात ४ ते ५ सेंटिमीटर लांबीची उभी चीर घेतात. कलमकाडीच्या खालच्या टोकास तेवढ्याच लांबीची पाचर तासून ती चिरेत बसवितात व पॉलिथिनच्या पट्टीने घट्ट बांधतात. पाचरीचे काप सपाट व गुळगुळीत असले तरच काडी व खुंट यांच्या अंतर्साली एकमेकींस भिडतात. म्हणून पाते सरळ धारेचे, सुमारे ६ ते ७ सेंटिमीटर लांबीचे व पातळ असावे. धार एकाच बाजूने दिलेली असल्यास काप अधिक सपाट येतो. मात्र अशी धार उजव्या व डाव्या हातासाठी वेगवेगळी असते; खरेदीच्या वेळी हे पाहून घ्यावे.

पात्याचे पोलाद

चाकूचे पोलाद ढोबळ मानाने दोन प्रकारचे असते. पहिले साधे कर्बयुक्त पोलाद. आपल्या गावचा लोहार मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून जे पाते घडवितो ते याच जातीचे. पाणी नीट दिलेले असल्यास त्यास तीक्ष्ण धार येते व निसण्यावर ती चटकन परतते. परंतु समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत ते एका रात्रीत तांबडे होते. शिवाय आंब्याच्या चिकातील व सालीतील आम्ल आणि टॅनिन यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन पाते व काप काळे पडतात. लोखंडी विळीवर कैरी चिरणाऱ्या प्रत्येक गृहिणीस हा अनुभव आहे.

दुसरे न गंजणारे पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद तयार केले. त्यात क्रोमियम असते. चाकूच्या पोलादात ते बहुधा शेकडा १२ ते १८ असते. या क्रोमियममुळे पात्यावर अत्यंत पातळ संरक्षक थर राहतो. तथापि ‘न गंजणारे’ या शब्दावर विसंबून राहू नये. मिठाचा अंश पात्यावर तसाच राहिल्यास या पोलादासही बारीक खड्डे पडतात.

पात्यावर पोलादाचा क्रमांक कोरलेला असल्यास तो वाचावा. ‘४२०’ हे मऊ पोलाद असून ते गंजास चांगले दाद देत नाही, परंतु त्याची धार लवकर बसते. ‘४४०सी’ यात कर्ब शेकडा सुमारे १ व क्रोमियम १६ ते १८ असल्याने धार टिकते. मात्र ती लावण्यास अधिक वेळ द्यावा लागतो. ‘१२सी२७’ हे या दोहोंमधले असून कलमाच्या कामास सोयीचे आहे. ‘डी२’ अतिशय कठीण असते. परंतु ते पुरते गंजरोधक नाही व घरच्या निसण्यास सहज वश होत नाही. क्रमांक नसेल तर लोहचुंबक लावून पाहावे. चुंबकास न चिकटणारे पाते ताटवाट्यांच्या जातीच्या पत्र्याचे समजावे. त्यास पाणी देता येत नाही व त्याची धार टिकत नाही.

खटक्याचे प्रकार

चाकू मिटतो तो धारेच्या दिशेने. कापताना धारेवर दाब असतो, तोवर धोका नसतो. रुतलेले पाते उपसताना दाब पाठीवर येतो आणि पाते बोटांकडे वळते. त्या क्षणी खटकाच बोट वाचवितो.

१. कमानीचा चाकू : यास खटका नसतो, मुठीतील कमान पात्यास केवळ दाबून धरते. काडी तासण्यास ठीक, चीर घेण्यास धोक्याचा.

२. कड्याचा चाकू : पाते उघडल्यावर मुठीच्या तोंडाचे कडे फिरवून ते अडकवितात. फ्रान्समधील ओपिनेल चाकूंना असे कडे १९५५ पासून असते. रचना साधी व भरवशाची आहे. परंतु लाकडी मूठ पावसाळ्यात फुगून पाते अडकते.

३. पाठीवरील खटका : मुठीच्या पाठीवरील पट्टी पात्याच्या खाचेत बसते. हा प्रकार मजबूत असून दोन्ही हातांस सारखाच सोयीचा आहे. खाचेत चीक किंवा माती साचल्यास मात्र खटका पुरता बसत नाही.

४. आतील पट्टीचा खटका : मुठीतील पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. एका हाताने मिटविता येतो. पण मिटविताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो व पट्टी झिजल्यास ती घसरते.

कळ दाबताच पाते उसळून बाहेर येणारे चाकू बागकामास घेऊ नयेत.

दुकानातच परीक्षा करावी. पाते पूर्ण उघडून, बोटे त्याच्या वाटेतून दूर ठेवून, त्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच आपटावी. पाते मिटले किंवा डुगडुगले तर तो चाकू परत करावा.

निगा

एका रोपावरून दुसऱ्या रोपाकडे जाताना पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. ब्लीचिंगचे पाणी वापरू नये. त्याने पोलाद खाल्ले जाते. सायंकाळी चाकू गोड्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा, खाचेतील चीक काडीने काढावा आणि खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा. ओल्या खिशात चाकू ठेवू नये. जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याने धुऊन दाबून धरावी व धनुर्वाताच्या लसीसाठी दवाखान्यात जावे.

सारांश, किनाऱ्यावरील बागायतदाराने पाठीवरील खटक्याचा, मध्यम कठीण स्टेनलेस पोलादाचा व घरच्या निसण्यावर धार घेणारा चाकू निवडावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमाचे प्रात्यक्षिक सुरू करण्यापूर्वी जमलेल्यांचे चाकू उघडून वर सांगितलेली फळीची परीक्षा करून घ्यावी. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. वादळाने पाडलेली बाग ज्या हातांनी पुन्हा उभी राहावयाची आहे, ते हात शाबूत राहिले पाहिजेत.