खाणीचा इजारदार आणि रंगभूमी

हिऱ्याच्या खाणीचा धनी हा नाटककाराच्या हाती आयताच येणारा नायक होय; कारण ज्याचे वैभव भूगर्भात दडलेले असते त्याचे चरित्रही बहुधा गुप्तता, साहस आणि सोंग यांनीच घडलेले असते. किंबर्लीचा बार्नी बार्नाटो तर प्रत्यक्ष नटच होता. लंडनच्या गरीब वस्तीत जन्मून भावाबरोबर करमणुकीचे खेळ केलेला हा तरुण १८७३ साली दक्षिण आफ्रिकेत गेला, १८८८ साली प्रतिस्पर्धी खाणमालक सेसिल ऱ्होड्सशी झगडून अखेर त्याच्या डी बीअर्स कंपनीत आपल्या खाणी विलीन करता झाला, आणि १८९७ साली आगबोटीवरून समुद्रात पडून मरण पावला.

परंतु त्याहून मोठे नाट्य बुऱ्हाणपुराच्या परिसरात घडून गेले आहे. इराणातील अर्दिस्तानच्या एका तेलविक्याचा मुलगा मीर जुमला हा गोवळकोंड्याच्या वजिरातीपर्यंत चढला, आणि परक्या नावांनी हिऱ्यांच्या खाणींचे इजारे घेऊन त्याने संपत्ती जमविली, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो. १६५२ साली गंडीकोट्यास फ्रेंच रत्नव्यापारी टॅव्हर्नियेने त्याला पाहिले, तेव्हा या नबाबाच्या पायांच्या बोटांत आणि डाव्या हाताच्या बोटांत पत्रे खोचलेली होती, आणि तो एकेक पत्र काढून दोन चिटणिसांकडून उत्तरे लिहवीत होता! पुढे तो मोगलांना मिळाला, १६५६ साली शहाजहानास एक थोरला हिरा नजर करता झाला, आणि १६५८ साली औरंगजेबाने त्यास दौलताबादेस कैद केले. ती कैद उभयतांच्या संमतीने रचलेले सोंग होते, असे बर्नियरचे म्हणणे. त्याचा तोफखाना ताब्यात घेऊन औरंगजेब बुऱ्हाणपुरास आला, तेथे महिनाभर तळ देऊन राहिला, आणि तेथूनच तख्ताच्या लढाईस निघाला. बुऱ्हाणपुरातील तापीकाठच्या शाही किल्ल्याइतके या नाटकाच्या मध्यवर्ती अंकास योग्य दुसरे स्थळ कोणते?

मात्र केवळ नबाबाचे नाटक अपुरेच ठरेल. गोवळकोंड्याच्या राज्यातील कोल्लूरच्या खाणीवर साठ हजारांच्या आसपास माणसे राबत, पुरुष खणीत आणि बायका-मुले माती वाहत, असे टॅव्हर्निये नमूद करतो. एका खाणीवर एका मजुराने लहानसा हिरा डोळ्याच्या कोपऱ्यात लपविलेला त्याने स्वतः पाहिला. सौदा ठरविताना विकणारा व घेणारा समोरासमोर बसून कमरबंदाच्या आड एकमेकांची बोटे दाबीत: सबंध हात धरला की हजार, एक बोट की शंभर, बोटाचे टोक की दहा, आणि तोंडातून शब्द न उच्चारता लक्षावधींची उलाढाल होई. रंगमंचावर हा मूक सौदा आणि त्या मजुराचा लालबुंद डोळा एकाच प्रवेशात दाखविता येतील.

१८९९ साली नाटककार देवलांच्या ‘शारदे’ने पैशाने विकत घेतलेल्या मुलीचे दुःख मराठी प्रेक्षकांस पदांतून ऐकविले, आणि द्रव्यबळाचा अन्याय हा संगीत नाटकाचा विषय होऊ शकतो हे सिद्ध केले. तोच वारसा पुढे चालवून मीर जुमल्यावर नाटक लिहिणाऱ्याने इजारदाराइतकीच मोठी भूमिका माती वाहणाऱ्या बाईस द्यावी, कारण हिऱ्याचे खरे मोल तिलाच ठाऊक आहे.