उतार बदला, वासे आपोआप बदलतील!

खर्डीच्या पुढे, कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळी. पावसाळ्यात इथे सह्याद्रीच्या पायथ्याशी उभा-आडवा पाऊस झोडपतो, त्यामुळे घराचं पहिलं गणित छपराचं. समजा, घर ६ मीटर रुंद आणि मधोमध आढं. उतार ३० अंशांचा ठेवला तर आढ्यापासून भिंतीपर्यंत वासा लागतो ३.४६ मीटर, ४० अंशांचा केला की ३.९२. पागोळ्या कुडापासून लांब पडाव्यात म्हणून वळचण पुढे काढली, तर आणखी लांब. हाताने काढायचं तर दर वेळी नवा नकाशा! पण हाच हिशेब संगणकाला चार ओळींत लिहून दिला, की एक आकडा बदलायचा. वासे, पत्रे, आढ्याची उंची सगळं नव्याने समोर येतं. आर्किटेक्टनी प्रोग्रॅमिंग शिकावं ते यासाठी, आणि माझ्या मते पहिला धडा छपराचाच हवा.

ही युक्ती साठ वर्षांहून जुनी आहे बरं का! १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केलं. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढायच्या आणि ‘या दोन समांतरच राहू देत’ असं बजावायचं. मूळ आकृती बदलली की तिच्या साऱ्या नकलाही बदलत.

ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प ही भाषा आली १९८६ला. मजल्याची उंची सांगितली की पायऱ्या मोजून जिना काढून देण्यासारखी कामं तिच्यावर सोपवता येतात.

सगळ्यांत गोड शाळा मात्र जॉन माएदा यांची. १९९९च्या त्यांच्या ‘डिझाइन बाय नंबर्स’मध्ये कागद केवढा? १०० बाय १०० ठिपक्यांचा! रंग नाहीत, ० म्हणजे पांढरा, १०० म्हणजे काळा. एवढ्यावर डिझाइनरांनी कोड लिहायला शिकायचं. त्यांचेच विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१मध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. ते फुकट आहे, आणि त्याचं ‘पी५.जेएस’ हे भावंड थेट ब्राउझरमध्ये चालतं. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या मुलांना महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरजच नाही.

कोड टाइप करायची धास्ती वाटते? डेव्हिड रटन यांचं ‘ग्रासहॉपर’ २००७मध्ये आलं. त्यात डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे.

आता आपल्याकडे या. दारापुढची ठिपक्यांची रांगोळी हा तर नियमांचाच खेळ. तिची तमिळ बहीण कोलम हिच्यावर गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली शोधनिबंध लिहिला. कोलमच्या आकृत्या कोणत्या नियमांनी घडतात, याचं चक्क गणिती व्याकरण त्यांनी मांडलं.

अक्षरंही यातून सुटलेली नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘अनेक’ हा फॉन्ट १० लिप्यांत आहे. त्यातला देवनागरी ‘क’ वजनाला १००पासून ८००पर्यंत आणि रुंदीला ७५पासून १२५पर्यंत हवा तिथे थांबवता येतो.