पेन्सिलीआधी मूठभर चिंचोके

सोमवारच्या ओपीडीत पोटदुखीची लहान मुलं जरा जास्तच असतात. रविवारभर मजेत उंडारलेलं मूल सोमवारी सकाळी दप्तर दिसलं की बेंबीवर हात ठेवून बसतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला अशीच एक आई चिंचोटीहून आपल्या मुलाला घेऊन आली होती. मूल पावणेचार वर्षांचं. सोबत आजी. आई कामण-भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामात कामाला जाते. त्या दिवसाची हजेरी बुडवून आली होती, म्हणून घाईत होती.

‘‘जंताचं औषध दोनदा दिलं मॅडम, तरी रोज सकाळी दुखतंच.’’

रोज म्हणजे कधी, असं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की शाळेच्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला. रविवारी नाही, सुट्टीत नाही. वजन वाढत होतं, झोप शांत, शौचाला साफ, ताप-उलट्या काही नाही. पोट तपासताना तर पठ्ठ्या खुदुखुदु हसत होता. मग आईनं पिशवीतून वही काढली. एक ते पन्नास अंक, पानंच्या पानं एबीसीडी आणि शेवटी लाल शाईत शेरा : ‘अक्षर सुधारा’.

आजी मध्येच म्हणाली, ‘‘अंगणवाडीत जायचा तवा नव्हतं काय दुखत.’’

आईचं उत्तर तयार होतं. ‘‘तिथं नुसतं खेळतात हो मॅडम. शिकवत काहीच नाहीत.’’

‘नुसतं खेळतात’ हे वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकते, की आज त्याविषयीच लिहायचं ठरवलं.

मनगटात अजून हाडंच दिसत नाहीत

आधी पोटाविषयी. अशी पोटदुखी म्हणजे नाटक नव्हे. आतडी आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत देवाणघेवाण चालते. मोठ्या माणसाच्याही पोटात परीक्षेआधी गोळा येतो. मुलाला ‘मला भीती वाटते’ असं सांगता येत नाही, म्हणून त्याचं पोट ते सांगतं. मात्र झोपेतून उठवणारी पोटदुखी, ताप, हिरवट उलट्या, शौचातून रक्त, घटतं वजन किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काहीही असेल तर ‘मनाचं आहे’ म्हणून सोडू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावं.

आता वहीविषयी. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर त्यातली दोन-तीनच ठिपक्यांसारखी दिसतात. बाकीची अजून मऊ कूर्चेच्या रूपात असतात, आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. चौथ्या ते सहाव्या वर्षांत बहुतेक हाडं एकेक करून दिसू लागतात. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड तर आठव्या वर्षानंतर कधीतरी येतं. पेन्सिल धरल्यानं हाडांना इजा होते, असं मला म्हणायचं नाही. पण हात अजून घडतो आहे, हे त्यावरून लक्षात यावं. हातावरचा ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपरात, मग मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांत. माती मळणं, बी पेरणं, पानं ओवणं, शेंगा सोलणं, दोरीला लोंबकळणं ही त्या ताब्याची तालीम असते.

चिंचोटीहून जवळच जूचंद्र हे रांगोळी कलाकारांचं गाव आहे. चिमटीतून रांगोळीची एकसारखी बारीक धार सोडायला अंगठा आणि तर्जनीच्या ज्या स्नायूंवर ताबा लागतो, तेच स्नायू पुढे पेन्सिल पेलतात. अंगणात ठिपके काढू पाहणारं मूल अक्षराचीच तयारी करत असतं, फक्त ती वहीत दिसत नाही.

खेळताना मेंदू काय करतो?

सहा वर्षांपर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. या काळात मेंदूतल्या पेशी एकमेकींशी प्रचंड संख्येनं जोडल्या जातात. वापरात राहणारे धागे बळकट होतात, न वापरलेले गळून पडतात. पायवाटेसारखंच आहे हे. ज्या वाटेनं रोज पावलं पडतात ती वाट राहते, बाकीच्यांवर गवत उगवतं.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ घ्या. बाई ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हणाल्या तर हात वर करायचे, नुसतं ‘हात वर’ म्हणाल्या तर करायचे नाहीत. यात मुलाला नियम लक्षात ठेवायचा असतो, नीट ऐकायचं असतं आणि मुख्य म्हणजे आलेली ऊर्मी आवरायची असते. हे काम कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं, आणि हा भाग सर्वांत सावकाश पिकतो. पुढे गणित सोडवताना, रांगेत उभं राहताना, राग गिळताना हीच शक्ती कामाला येते. झोक्यासाठी आपली पाळी येईपर्यंत थांबणारं मूल काहीच शिकत नाही, असं कोण म्हणेल?

भाषेचंही तसंच. मूल शब्द शिकतं ते बोलण्याच्या देवघेवीतून. त्यानं काही विचारावं, कुणी उत्तर द्यावं, त्यानं पुन्हा विचारावं. चिंचोटीच्या पट्ट्यात कुणाच्या घरी आगरी बोलतात, कुणाच्या वारली, कुणाच्या हिंदी किंवा भोजपुरी. अशी पंधरा-वीस मुलं एका सतरंजीवर बसून एकमेकांना आपापलं म्हणणं पटवून देतात, तेव्हा जे घडतं ते घोकंपट्टीतून घडत नाही. मोबाइलमधून तर नाहीच, कारण तो मुलाचं ऐकून घेत नाही.

हे आपल्याच जिल्ह्यात कळलं होतं

ही काही आता परदेशातून आलेली नवलाई नाही. १९४५ साली ताराबाई मोडक वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या आणि ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्त्यांत गेलं.

ताराबाईंची पद्धत डॉ. मारिया मॉन्टेसरींच्या विचारावर उभी होती. त्या मॉन्टेसरीबाईही मूळच्या डॉक्टरच. पण त्यांची महागडी साधनं इथे कुठून आणणार? म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. आंघोळ, नखं, केस, हात धुणं हे शिक्षणाआधीचे सोपस्कार न राहता शिक्षणाचाच भाग बनले. मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. आज देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचं मूळ इथे, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षणही तिच्या सहा सेवांमध्ये होतं.

पुढे आपण त्यातली खिचडी तेवढी लक्षात ठेवली. यात आम्ही डॉक्टरही आलो. कमी वजनाचं मूल समोर आलं की वर्षानुवर्षं मी वजन, दंडाचा घेर आणि हिमोग्लोबिन पाहत आले. आहार सांगितला, औषध दिलं. या मुलाशी दिवसभरात कोण बोलतं, कोण खेळतं, हे मी क्वचितच विचारलं.

ते विचारायला हवं होतं, हे जमैकातल्या एका अभ्यासानं मला शिकवलं. १९८०च्या दशकात तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या, उंची खुंटलेल्या १२९ बालकांचे चार गट केले गेले. एका गटाला पूरक आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. खेळणी टाकाऊ वस्तूंपासून घरीच केलेली. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळालं, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. तेव्हा आहार आणि खेळ दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे गेली. पण वीस वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांच्याशी कुणीतरी खेळलं होतं त्यांची कमाई इतरांपेक्षा जवळपास २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा परिणाम दिसला नाही. अन्न लागतंच, त्याशिवाय काहीच उभं राहत नाही. पण अन्नाबरोबर माणूसही लागतो.

बालवाडी निवडताना

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हा अंगणवाडी असो वा खासगी बालवाडी, फलक आणि गणवेश बघण्याआधी थोडा वेळ दारात उभं राहा. मुलांचा आवाज येतो का? बाई मुलांशी खाली बसून, डोळ्यांत बघून बोलतात का? गोष्ट, गाणी, मोकळी जागा आहे का? खाण्याआधी सगळे साबणानं हात धुतात का, प्यायचं पाणी झाकलेलं आहे का, स्वच्छतागृहात मूल न घाबरता जाऊ शकेल का? वही कोरी असली तर काळजी करू नका. काळजी करा ती वर्ग चिडीचूप असला तर.

चिंचोके, मणी, बिया ही उत्तम साधनं आहेत, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत, आणि मोठ्यांनाही समोर बसूनच द्यावीत. नाकात गेलेला मणी आणि श्वासनलिकेत अडकलेली बी या दोन्ही गोष्टी आम्हाला रुग्णालयात बघाव्या लागतात.

शाळेत घातल्यापासून सारखी सर्दी होते, ही आणखी एक तक्रार. या वयात वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं स्वाभाविक आहे. चार मुलांत मिसळण्याची ती किंमत समजा. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक नको. मात्र एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास, ते शांत असताना, मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तातडीनं रुग्णालय गाठा.

आणि तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, इतर मुलांकडे बघतही नसेल किंवा आधी येत असलेलं विसरू लागलं असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. मनात शंका असेल ती पथकातल्या डॉक्टरांना बोलून दाखवा.

त्या चिंचोटीच्या मुलाला मी औषध दिलं नाही. आईला म्हटलं, ‘‘ताई, बाईंना एकदा भेटून या.’’ दिवाळीच्या सुमाराला ती दोघं आजीच्या रक्तदाबासाठी आजीबरोबर पुन्हा आली. आई बाईंना भेटली होती. बाई म्हणाल्या होत्या, ‘‘मला तरी कुठे हौस आहे? पण वही कोरी गेली की दुसऱ्या दिवशी पालकच विचारायला येतात.’’ मग तीन-चार आयांनी मिळून सांगितलं, आम्ही विचारायला येणार नाही. गृहपाठ निम्म्यावर आला. सोमवारी अजून कधीतरी पोट दुखतं, पण दाराबाहेर पडेपर्यंतच.

‘‘आणि घरी काय करतो?’’ मी विचारलं.

‘‘चिंचोके खेळतो माझ्यासंगं,’’ आजी म्हणाली. ‘‘रोज हरवतो मला. आन् मोजतो पन बरोबर.’’

‘‘कितीपर्यंत मोजतो?’’

‘‘वीस. त्याच्या फुडं माझे चिंचोकेच संपतात.’’