मास्तरांच्या पगाराचं काय?

वैजापूर तालुक्यातल्या माळीघोगरगावात ‘जाकियेबाबा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पूर्ण नाव फादर गुरियन जाकिये, मुलूख फ्रान्स. एकोणिसावं शतक संपता संपता जे फ्रेंच धर्मगुरू निजामाच्या राज्यातल्या या कोरड्या कोपऱ्यात आले, त्यांच्यातले हे एक. बाकीच्यांची नावं कागदोपत्री राहिली. यांना लोकांनी ‘बाबा’ करून टाकलं. मराठवाड्यात परक्याला याहून मोठी पदवी नाही.

हे फादर संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे. पिअर मेरमिए यांनी १८३८ साली आल्प्सच्या पायथ्याशी अ‍ॅनसी गावात ती स्थापन केली. १८४५ मध्ये तिची माणसं भारताकडे निघाली, विशाखापट्टणमला पोचली, पुढे नागपूर आणि तिथून आपल्याकडे. छत्रपती संभाजीनगरातलं कॅथेड्रल याच संताच्या नावाचं आहे. (हा संत पत्रकारांचाही पाठीराखा मानला जातो, तेव्हा प्रस्तुत लेखकाने त्याच्याबद्दल जपून लिहिलेलं बरं.)

पण फादर आले तरी त्यांच्या भाकरीचं काय? बैलगाडी, शाळेचं छप्पर, दुष्काळातलं धान्य, हा खर्च कोण करणार? पहिली ख्रिस्ती कुटुंबं बहुतेक दलित, त्यांचाच हात दुसऱ्याच्या बांधावर. अशा मिशनांना जगवणारी एक व्यवस्था अ‍ॅनसीहून फार लांब नसलेल्या लिऑन शहरात उभी राहिली होती. पोलिन जारिको नावाच्या तरुणीने रेशीमकामगार बायकांना दहा-दहांच्या गटात बांधलं आणि आठवड्याला एक सू, म्हणजे आपला पैसाच म्हणा, गोळा करायला लावला. १८२२ मध्ये त्या भिशीची संस्था झाली. पुढे रोमने ती आपलीशी केली, आणि २०२२ मध्ये जारिकोबाईंना ‘धन्य’ घोषित केलं. दूरदेशीच्या गरीब चर्चला मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोणीतरी धनाढ्य येतो. इथे सुरुवात मजुरीवर जगणाऱ्या बायकांनी केली होती.

१७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत झाला. पसारा मराठवाड्याएवढा आणि कॅथलिक काही हजार. शहराचं नाव बदललं, धर्मप्रांताचं अजून तेच आहे. खेड्यातला धर्मग्राम म्हणजे एक चर्च, एक किंवा दोन फादर, जमलं तर सिस्टरांचा दवाखाना, मुलांचं बोर्डिंग आणि भोवती विखुरलेल्या वस्त्या. तिथे प्रार्थना घेणारा, मुलांना शिकवणारा, मयतीला आधी पोचणारा माणूस म्हणजे कॅटेकिस्ट. लोक त्याला मास्तर म्हणतात.

अशा धर्मग्रामाची मिळकत बघायची तर हंगामाच्या सणाला जावं. वेदीपुढे बाजरीची पायली, मक्याची कणसं, नारळ, भोपळा, पाय बांधलेली कोंबडी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की अंगणात लिलाव. एखादा कोंबडी बोली लावून घेतो आणि तिथेच परत देतो. ती पुन्हा पुकारली जाते. हसणं-खिदळणं होतं, एकमेकांची उणीदुणी निघतात, आणि एका कोंबडीचे दोन-तीन कोंबड्यांएवढे पैसे होतात. तरी त्यात महिन्याचं डिझेल निघालं तर नशीब.

दुसरी मिळकत वहीत असते. कोणी मेलेल्या बापासाठी, कोणी परीक्षेसाठी मिस्सा सांगतं आणि सोबत अर्पण देतं. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अर्पणाला वेगळी मिस्सा, आणि फादरने दिवसाला एकच अर्पण स्वतःकडे ठेवायचं. सगळ्याची नोंद हवी. गरीब धर्मग्रामात स्थानिक अर्पणं कमी पडतात, म्हणून युरोपातल्या मिस्सा इकडे पाठवल्या जातात. कुठल्याशा जर्मन आजीच्या आत्म्यासाठी आपल्याकडे मराठीत मिस्सा होते आणि त्यावर फादरचं घर चालतं. मला यात काही वावगं वाटत नाही. आजीला मराठी येत नसेल, एवढंच.

परदेशी देणगीची वाट मात्र आता अरुंद झाली आहे. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तिला आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उतरावं लागतं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही. मोठी संस्था घेऊन लहानांना वाटायची, ती रीत संपली. हिशेब चोख हवाच. पण खेड्यातल्या लहान संस्थेकडे त्यासाठी सीए कुठला?

तरी माझी खरी तक्रार दात्यांबद्दल आहे. भिंत बांधायला पैसे मिळतात, कारण भिंतीवर पाटी लागते. मास्तरांच्या पगारावर पाटी लावता येत नाही. शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी भिंतीआधी माणसं हे ओळखलं होतं. पाणलोटाच्या कामाला जर्मनीचा पैसा आणला; पण गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य केल्याशिवाय काम सुरू नाही. पैशाआधी माणसं बांधली, आणि त्यात चर्चचा सदस्य कोण हे विचारलं नाही.

आता उलटी गंगाही वाहते. अ‍ॅनसीच्या त्याच संस्थेचे भारतीय फादर आज टांझानिया, केनिया, युगांडातल्या खेड्यांत आहेत. तिथेही वस्त्या लांब आणि पाऊस बेभरवशाचा. वैजापूरच्या फादरला ते वर्णन ऐकून नवल वाटणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी, मिशन रविवारी, मराठवाड्यातल्या चर्चमध्येही थाळी फिरते. तो पैसा रोममार्गे जगभरच्या गरीब धर्मप्रांतांना वाटला जातो, आणि वाट्यात आफ्रिकेचा हिस्सा मोठा असतो.

आणि ज्यांना इथेच काही द्यायचं आहे त्यांना एक सांगणं. भारतीय नागरिकाने आपल्या मिळकतीतून दिलेला रुपया परदेशी देणगी ठरत नाही. नोकरीसाठी दुबईत असाल पण पासपोर्ट भारतीय असेल, तरीही नाही. तेव्हा जवळच्या धर्मग्रामात जा, फादरला भेटा, आणि नव्या कमानीचा विषय निघायच्या आत विचारा: मास्तरांचा पगार किती महिन्यांचा राहिला आहे?