डोंगरउतारावरील लांकूड आणि दोरयंत्रें

पाडलेलें झाड जेथें पडलें तेथून गाडीपर्यंत किंवा नदीपर्यंत कसें आणावयाचें, हा लांकूडतोडीच्या धंद्यांतील फार जुना व मोठ्या खर्चाचा प्रश्न होय. झाड पाडण्यास कुऱ्हाड व करवत पुरतात; परंतु कित्येक टन वजनाचा ओंडका खडकाळ भूमीवरून हलविण्यास निराळें सामर्थ्य लागतें. सपाट प्रदेशांत हें काम जनावरांनीं केलें. डोंगरांत मात्र उतार हाच अरण्याचा कोट होता. हा कोट ज्या यंत्रानें पाडला त्याची हकीकत येथें सांगावी, असा आमचा हेतु आहे. सनदा व बखरी यांच्या अभ्यासकांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि देशाचें रूप जसें राजाज्ञेनें पालटतें, तसें तें एखाद्या दोरानेंही पालटतें. आणि त्या पालटाची नोंद ठेवणें हें इतिहासाचेंच काम आहे.

इंग्रजींत ह्या यंत्रास ‘यार्डर’ म्हणतात. पाडलेले ओंडके ज्या मोकळ्या आवारांत गोळा करावयाचे त्यास ‘यार्ड’ म्हणत. त्यावरून हें नांव पडलें. मराठींत त्यास ‘दोरयंत्र’ म्हटल्यास चालेल, कारण त्यांतील मुख्य वस्तु दोरच आहे.

ह्या यंत्राचा पूर्ववृत्तांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहावा लागतो. उत्तर कॅलिफोर्नियांत हम्बोल्ट उपसागराभोंवतीं ‘रेडवुड’ नांवाच्या प्रचंड वृक्षांचें अरण्य होतें. हे वृक्ष शंभर मीटरांहूनही उंच वाढतात, आणि कित्येकांचें आयुष्य हजार वर्षांच्या वर जातें. १८५० सालीं तेथें युरेका हें गांव वसलें व तें लांकडाच्या व्यापाराचें बंदर बनलें. आरंभीं ओंडके बैल ओढीत. वाटेवर आडवीं लांकडें अर्धवट पुरून ठेवीत, तीं पाण्यानें भिजवीत किंवा त्यांवर चरबी लावीत, आणि बैलांच्या अनेक जोड्या एकामागें एक जुंपून ओंडक्यांची माळ त्यांवरून ओढीत. आपल्याकडे सागवान हलविण्यास बैल, रेडे व हत्ती यांचा उपयोग होत असे. गडचिरोली जिल्ह्यांतील कमलापूर येथील हत्ती वनखात्यानें ह्याच प्रकारच्या कामासाठीं ठेवले होते. परंतु जनावर कोणतेंही असो, मर्यादा एकच. त्यास पाय टेकण्याजोगी भूमि लागते. उतार तीव्र झाला, चिखल झाला, किंवा ओंडका एखाद्या बुंध्यामागें अडकला, कीं जनावर थांबलें. म्हणून तोड प्रथम खाडीकांठच्या व नदीकांठच्या सखल भागांत चालली, आणि मागचे उभे डोंगर बराच काळ बचावले.

युरेका येथील डॉल्बीअर आणि कार्सन ह्या लांकूडकंपनीचे भागीदार जॉन डॉल्बीअर यांनीं १८८१ सालीं ह्या अडचणीवर तोड काढली व १८८२ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्यांची युक्ति दिसण्यास अगदीं साधी होती. ओढणारें जनावर ओंडक्याबरोबर चालण्याची गरजच नाहीं. बळ एका जागीं ठेवावें आणि हलावें तें फक्त दोरानें. जाड लांकडांच्या घसरगाडीवर एक उभा बाष्पक व एक लहान वाफेचें इंजिन बसविलें. इंजिनानें एक लोखंडी रीळ फिरे. दोराचें एक टोक ओंडक्यास बांधून दोराचे दोन-तीन फेरे त्या रिळाभोंवतीं दिले, कीं रीळ फिरतांच ओंडका यंत्राकडे सरकूं लागे. जहाजांवर माल चढविणें वगैरे दुय्यम कामांस जें लहान इंजिन असे त्यास ‘डाँकी’, म्हणजे गाढव, म्हणत. तेंच नांव ह्या यंत्रास मिळालें. यंत्र दुसऱ्या जागीं न्यावयाचें झाल्यास आपल्याच दोराचें टोक पुढच्या एखाद्या झाडास बांधीत, आणि दोर गुंडाळीत गुंडाळीत हें गाढव स्वतःस ओढून नेई.

रिळाभोंवतीं दोराचे दोन-तीनच फेरे कसे पुरत, ही शंका वाचकांस येईल. याचें उत्तर घर्षणांत आहे. दोर रिळास जितका अधिक वेढतो तितकी त्याची पकड वाढते. आणि ही वाढ बेरजेनें नव्हे, गुणाकारानें होते. घर्षणाचा गुणक पाव धरला आणि फेरे तीन असले, तर सुट्या टोकावर माणसानें लावलेल्या ओढीच्या शंभरपटींहून अधिक ओढ दुसऱ्या बाजूस तोलून धरतां येते. संस्कृतांत ‘गुण’ ह्या शब्दाचा एक अर्थ दोर व दुसरा अर्थ पट असा आहे. ह्या रिळावर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

ह्या यंत्रावर तीन माणसें, एक मुलगा व एक घोडा एवढा संच लागे. एक जण ओंडक्यास दोराचा फास घाली, दुसरा इंजिन चालवी, तिसरा धांवता दोर आंखूड काठीनें रिळावर नीट बसवी. फास घालणारा रानांत दूर असे, म्हणून मुलगा एका लांब तारेनें इंजिनाची शिट्टी वाजवून त्याची खूण यंत्रापर्यंत पोंचवी. घोड्याचें काम रिकामा दोर परत रानांत नेण्याचें.

पुढील सुधारणा पोलादी तारेच्या दोरामुळें झाली. तारांचा दोर जर्मनींतील हार्त्स पर्वतांतल्या खाणींसाठीं विल्हेल्म आल्बर्ट यांनीं १८३४ सालीं प्रचारांत आणला होता. कॅलिफोर्नियांत अँड्र्यू हॅलिडी हे असे दोर बनवीत, व त्यांच्याच दोराच्या बळावर १८७३ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या चढणीच्या रस्त्यांवरून दोरानें ओढल्या जाणाऱ्या गाड्या धांवूं लागल्या. वनस्पतितंतूंच्या जागीं तार आल्यावर दोर लांब व बळकट झाला, आणि दोर गुंडाळणारे मोठे ढोल यंत्रावर आले. दुसऱ्या ढोलावरचा बारीक दोर कप्प्यांतून रानाच्या टोकापर्यंत वळवून मुख्य दोरास जोडला, म्हणजे रिकामा दोर यंत्रच परत नेई. घोड्याचें काम संपलें.

तरीही ओंडका भूमीवरूनच घसटत येई. त्याचें नाक मातीत घुसे, बुंध्यांस अडके, आणि मागें खोल चर पडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ओरेगॉन, वॉशिंग्टन व ब्रिटिश कोलंबिया ह्या प्रदेशांत यावर ‘हाय-लीड’ पद्धति रूढ झाली. एक उंच, सरळ झाड राखून ठेवीत. पायांस लोखंडी कांटे व कमरेस दोर बांधून एक माणूस त्यावर चढे, जातां जातां फांद्या तोडी, आणि जमिनीपासून दीडशें-दोनशें फुटांवर शेंडा कापून टाकी. शेंडा सुटतांच सगळें खोड त्याच्यासकट झोकांड्या खाई. मग तें खोड चोहों बाजूंनीं तारांनीं ताणून त्याच्या माथ्यावर मोठी कप्पी बसवीत व मुख्य दोर तींतून नेत. ओढ आतां वरून लागल्यामुळें ओंडक्याचें पुढचें टोक उचललें जाई.

याहून पुढची पायरी म्हणजे आकाशदोर, इंग्रजींत ‘स्कायलाइन’. दोन उंच आधारांमध्यें एक जाड दोर ताणावा, त्यावरून चाकांची घोडी धांवावी, व तिच्याखालीं ओंडका लोंबावा. येथें एक गणित लक्षांत ठेवणें अवश्य आहे. दोर जितका ताठ तितका चांगला असें वाटतें, पण खरें उलट आहे. आधारांतील अंतर ४०० मीटर व मध्यभागीं भार २ टन असला, आणि दोरास ४० मीटरांचा झोळ असला, तर दोराचें स्वतःचें वजन सोडून त्यावर सुमारें ५ टन ताण पडतो. झोळ २० मीटर केला तर १० टन, आणि १० मीटर केला तर २० टन. म्हणून दोराखालची दरी जितकी खोल, तितकें काम सुरक्षित. जो खोल उतार बैलास अडवी, तोच आकाशदोरास उपकारक ठरला. स्वित्झर्लंडांतील व्हीसेन कारखान्याच्या अशा दोरमार्गांचा दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत प्रसार झाला.

आतां ह्या सामर्थ्याची किंमत पाहूं. पहिली किंमत माणसांनीं दिली. ताणलेली तार तुटली किंवा कप्पी सुटली, तर ती तलवारीसारखी फिरते. म्हणून ह्या धंद्यांतील आद्य नियम असा, कीं वळलेल्या दोराच्या कवेंत कोणीं उभें राहूं नये. नियम जुना आहे, तरी धोका जुना झालेला नाहीं. न्यूझीलंडांत २०१३ सालीं वनकामांत १० कामगार मृत्यु पावले, व २०१४ सालीं ह्या धंद्याच्या सुरक्षिततेची स्वतंत्र चौकशी करावी लागली. हल्लीं तेथें कित्येक ठिकाणीं माणसाऐवजीं यंत्राचा पंजाच ओंडका पकडतो.

दुसरी किंमत अरण्यानें दिली. मूळच्या सुमारें २० लक्ष एकर रेडवुड अरण्यापैकीं आज शेंकडा पांचांच्या आसपासच शिल्लक आहे. तें वांचविण्यासाठीं १९१८ सालीं ‘सेव्ह द रेडवुड्स लीग’ ही संस्था निघाली. राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यास १९६८ साल उजाडलें, आणि १९७८ सालीं तें वाढवावें लागलें. ह्या नाशाचा दोष लोक करवतीस देतात. आमच्या मतें तो अर्धाच न्याय होय. पाडलेलें झाड बाहेर काढतां येत नसेल तर तें पाडण्यांत कोणास लाभ नाहीं. कोणत्या डोंगरावरचें झाड पाडावयाचें, हें करवतीनें नव्हे, दोराच्या लांबीनें ठरविलें.

परंतु येवढ्यावर निकाल देणेंही योग्य नाहीं. तीव्र उतारावर चाकांचीं किंवा पट्ट्यांचीं अवजड यंत्रें फिरविलीं तर माती दबते, वाटा खोदाव्या लागतात, आणि पावसांत ती माती ओढ्यांत जाते. आकाशदोरावरून लोंबत येणारा ओंडका भूमीस फारच थोडा स्पर्श करतो. म्हणून आल्प्स पर्वतांत निवडक झाडें काढतांना हीच पद्धति मातीस कमी अपायकारक म्हणून वापरतात. वाफेच्या जागीं डीझेल आलें, राखलेल्या झाडाच्या जागीं पोलादी मनोरा आला, मुलाच्या तारेच्या जागीं बिनतारी खूण आली. तत्त्व मात्र डॉल्बीअर यांचेंच राहिलें. ज्या दोरानें अरण्य ओरबाडलें तोच आज, हात आंवरल्यास, भूमि राखतो. तेव्हां दोष दोराचा नव्हे, प्रमाणाचा.

युरेका येथील फोर्ट हम्बोल्ट ह्या ऐतिहासिक स्थळीं वाफेचीं हीं गाढवें जतन करून ठेविलीं आहेत. परंतु खरा पुरावा रानांतच आहे. जुन्या रेडवुडांच्या प्रचंड बुंध्यांवर तोडणाऱ्यांनीं उभें राहण्याची फळी बसविण्यासाठीं पाडलेल्या खोबणी अजून दिसतात. आपण शिलालेख ज्या आस्थेनें वाचतों, त्याच आस्थेनें त्या खोबणी वाचाव्या. उताराचा कोट कोठवर टिकला व कोठें पडला, हें त्यांवरून कळतें.